यंत्राच्या पहाऱ्यावर माणूस

चार बर्नरची शेगडी असलेल्या घरात एक गोष्ट हमखास घडते. कुकरखालची आच कमी करायची म्हणून बटण फिरवावे, तर नेमकी दुधाखालची आच मोठी होते. दूध उतू जाते, ओटा माखतो आणि घरातले कोणीतरी विचारते, लक्ष कुठे असते तुझे? शेगडीला मात्र कोणी बोल लावत नाही. कोणते बटण कोणत्या बर्नरचे हे पाहताक्षणी कळू नये, अशी ती शेगडी बनवणाऱ्याला तर कोणी जाबही विचारत नाही.

हा जाब विमानांच्या बाबतीत ज्यांनी चिकाटीने विचारला, त्यांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मॉरिस फिट्स यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आपल्याकडे हे नाव घरोघरी ठाऊक नाही. यंत्र आणि माणूस यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या जगात मात्र, त्यांना जाऊन साठ वर्षे उलटली तरी, फिट्स यांचे नाव घेतल्यावाचून पहिला धडा पुढे सरकत नाही. आकाशात एकाच वेळी शेकडो विमाने असताना जमिनीवर बसून त्यांना वाट दाखवणाऱ्या माणसाने यंत्रावर किती विसंबावे, हा प्रश्न त्यांनी १९५१ साली मांडला. तो अजून मिटलेला नाही.

मुठींची अदलाबदल

फिट्स यांचा जन्म ६ मे १९१२ रोजी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मार्टिन या लहानशा गावी झाला. टेनेसी विद्यापीठातून पदवी, ब्राऊन विद्यापीठातून एम. ए. आणि १९३८ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातून डॉक्टरेट, अशी पायरीपायरीने त्यांनी मानसशास्त्राची वाट धरली. प्राध्यापकी करीत ते सुखाने निवृत्तही झाले असते. पण दुसरे महायुद्ध पेटले आणि ते अमेरिकी लष्कराच्या हवाई दलात दाखल झाले.

युद्धकाळात मानसशास्त्रज्ञांकडे आलेले मुख्य काम माणसे निवडण्याचे होते. हजारो तरुणांमधून वैमानिक कोण होईल, दिशादर्शक कोण, बाँबफेक करणारा कोण, हे चाचण्या घेऊन ठरवायचे. म्हणजे यंत्र ठरलेले. त्याला साजेसा माणूस शोधायचा. पण असे निवडून, पारखून, शिकवून तयार केलेले वैमानिकही चुका करीत. धावपट्टीवर उतरल्यानंतर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी कोणी चाके मिटून घेई आणि शाबूत उतरलेले विमान पोटावर आदळे. अहवालात एक ठरलेला शेरा पडे : वैमानिकाची चूक.

१९४५ मध्ये ओहायोतल्या राइट फील्ड या हवाई तळावर, विमान-वैद्यकाच्या प्रयोगशाळेत मानसशास्त्राचा एक वेगळा विभाग सुरू झाला आणि त्याची सूत्रे फिट्स यांच्याकडे आली. तिथे त्यांनी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांना नुसते बोलते केले. तुमच्या हातून किंवा तुमच्या डोळ्यांदेखत कोणती चूक घडली ते सांगा, एवढेच विचारायचे. विमानाच्या मुठी, दांडे, कळा हाताळताना झालेल्या ४६० चुकांच्या हकिगती त्यांच्यापुढे जमा झाल्या. तबकड्या वाचताना झालेल्या २७० चुका वेगळ्याच.

त्या हकिगती एकापुढे एक मांडल्यावर लक्षात आले की चुकांना काहीएक ठेवण आहे. हाताळणीच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या एकाच जातीच्या निघाल्या : एक मूठ समजून दुसरी ओढली. याचे कारणही समोरच होते. इंजिनाचा वेग, पंख्याचा कोन आणि इंधनाचे मिश्रण यांच्या तीन मुठी शेजारीशेजारी असत. पण बी-२५ विमानात त्यांचा क्रम एक, सी-४७ मध्ये दुसरा आणि सी-८२ मध्ये तिसराच. आज या विमानात आणि उद्या त्या विमानात बसणाऱ्या वैमानिकाचा हात सवयीने जुन्या जागी गेला, तर तो दोष हाताचा म्हणायचा की ज्यांनी मुठी बसवल्या त्यांचा? उंची दाखवणाऱ्या तबकडीवर तीन काटे असत. घाईत ते वाचताना हजार फुटांची चूक सहज होई. ढगात, डोंगराळ मुलखात हजार फूट म्हणजे जगणे आणि मरणे यांच्यातले अंतर.

फिट्स आणि जोन्स यांनी १९४७ साली काढलेला निष्कर्ष आज साधा वाटतो. पण तेव्हा त्याने दृष्टीच फिरवली. वैमानिकाची चूक म्हणून ज्या घटना मिटवल्या जातात, त्यांतल्या पुष्कळशा यंत्राच्या रचनेतल्या चुका असतात. रचना बदला, चुका कमी होतील. यंत्राजोगता माणूस शोधायला निघालेले फिट्स आता माणसाजोगते यंत्र घडवण्याकडे वळले होते.

झेंड्यापासून रडारपर्यंत

विमानातल्या माणसाबद्दल एवढा विचार झाला. पण जमिनीवर बसलेल्याचे काय? त्याच्या धंद्याचे वय तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. १९२९ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या विमानतळावर आर्ची लीग नावाचा माणूस एका ढकलगाडीत खुर्ची, छत्री आणि दोन झेंडे घालून धावपट्टीच्या टोकाला जाऊन बसे. एका झेंड्याचा अर्थ जा, दुसऱ्याचा थांब. अमेरिकेतला हा पहिला विमान वाहतूक नियंत्रक. पुढे रेडिओ आला, नकाशे आले, प्रत्येक विमानाची माहिती लिहिलेल्या कागदी पट्ट्या आल्या. युद्धानंतर रडार आले. आडव्या ठेवलेल्या रडारच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याशेजारी विमानाचे नाव लिहिलेली छोटी सोंगटी ठेवायची आणि ठिपका सरकला की बोटाने सोंगटीही सरकवायची, असेही कित्येक वर्षे चालले.

विमाने वाढत होती आणि वेगही वाढत होता. हे काम माणसाच्या आवाक्यात राहणार नाही, ते पूर्णपणे यंत्रांकडे सोपवावे, असा सूर निघू लागला. फिट्स १९४९ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले होते आणि तिथे विमानविषयक मानसशास्त्राची प्रयोगशाळा चालवत होते. त्यांच्या संपादनाखाली मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने या प्रश्नाचा विचार केला, आणि १९५१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्यांचा अहवाल छापला. विमान वाहतूक नियंत्रणात माणसाचे काम कोणते आणि यंत्राचे कोणते, हा त्याचा गाभा.

अकरा कलमांची यादी

त्या अहवालात एक छोटी यादी होती. माणूस कशात सरस याची सहा कलमे आणि यंत्र कशात सरस याची पाच. आज ती फिट्सची यादी म्हणूनच ओळखली जाते.

माणसाच्या बाजूला काय होते? अगदी मंद प्रकाश किंवा बारीक आवाज टिपणे, दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या गोष्टींतली आकृती ओळखणे, अडचण आली की आयत्या वेळी वेगळा मार्ग काढणे, पुष्कळ माहिती दीर्घकाळ मनात साठवून नेमक्या वेळी नेमकी आठवणे, चार अनुभवांवरून एक नियम बांधणे, आणि तारतम्य. यंत्राच्या बाजूला होते : हुकूम मिळताच तत्काळ हालचाल आणि अचूक मोजून लावलेले मोठे बळ, तेच ते काम न कंटाळता करणे, माहिती थोडा वेळ ठेवून साफ पुसून टाकणे, दिलेल्या नियमावरून हिशेब करणे, आणि एकाच वेळी अनेक कामे.

ही यादी पाठ्यपुस्तकांतून फिरली, परीक्षेतला प्रश्न झाली. टीकाही झाली. १९६३ मध्ये, म्हणजे फिट्स हयात असतानाच, नेहेमिया जॉर्डन या अभ्यासकाने आक्षेप घेतला की माणूस आणि यंत्र यांची अशी तुलनाच चुकीची. ते एकमेकांचे स्पर्धक नसून पूरक आहेत. पुढच्या काळात संगणक इतके बदलले की यादीतली काही कलमे उलटी झाली. दीर्घकाळ माहिती साठवण्यात आज कोणता माणूस यंत्राशी बरोबरी करील?

पण यादीच्या गाजावाजात त्याच अहवालातली दुसरी, अधिक मोलाची गोष्ट मागे पडली. ती म्हणजे एक इशारा. सगळे काम यंत्राने करावे, माणसाने फक्त लक्ष ठेवावे आणि यंत्र बंद पडलेच तर सूत्रे हाती घ्यावीत, ही कल्पना कागदावर फार छान दिसते. पण माणसाला हे जमेल असे गृहीत धरताना अत्यंत सावध राहा, असे फिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बजावले होते.

राखणदाराचे डोळे

हा इशारा हवेतला नव्हता. इंग्लंडमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी युद्धकाळात एक प्रयोग सुरू केला होता. समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानांतले रडारवाले तासन् तास पडद्याकडे पाहत बसत आणि शत्रूच्या पाणबुडीची खूण डोळ्यांपुढून निसटे. मॅकवर्थ यांनी एक घड्याळ केले. त्याचा काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरके. मात्र क्वचित कधीतरी एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी दिसली की कळवायचे, एवढेच काम. पण पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या नजरेतून उड्या लक्षणीय प्रमाणात सुटू लागल्या. ही माणसे आळशी नव्हती की बेफिकीरही नव्हती. काहीच न घडणाऱ्या गोष्टीकडे टक लावून बसणे हे माणसाच्या स्वभावातच बसत नाही.

शेताची राखण करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. माचाणावर नुसता बसलेला राखणदार पेंगतो. म्हणून तो हाळी देतो, गोफण फिरवतो, डबा बडवतो. हात चालू असले तर डोळे जागे राहतात. फिट्स यांच्या अहवालाचे सांगणे यापेक्षा फार वेगळे नव्हते. नियंत्रकाच्या हाती खरे काम राहू द्या. आणि पहारा हवाच असेल तर माणसाने यंत्रावर ठेवण्यापेक्षा यंत्राने माणसावर ठेवावा. माणूस चुकू लागला की यंत्राने सावध करावे.

ओहायोच्या प्रयोगशाळेत फिट्स यांनी रडार नियंत्रकांचे काम प्रत्यक्ष उभे करून पाहिले. बनावट विमाने, बनावट ठिपके, पण माणसे खरी. त्या काळी रडारचे पडदे इतके मंद असत की खोलीत अंधार ठेवावा लागे. मग कागदी पट्ट्या वाचता येत नसत. फिट्स आणि कॉनरॅड क्राफ्ट यांनी १९५४ मध्ये उपाय मांडला : खोलीत निळा उजेड ठेवायचा आणि पडद्यावर तो निळा रंग अडवणारी काच लावायची. म्हणजे कागदही दिसेल आणि ठिपकाही. डोळे ताणायला लावून वर नियंत्रकाच्या नावाने खडे फोडण्यापेक्षा दिवा बदलणे त्यांना अधिक शहाणपणाचे वाटे.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. धातूच्या दोन पट्ट्या. हातातल्या लेखणीसारख्या काडीने एकदा इकडे, एकदा तिकडे टेकवायचे. पट्ट्या जितक्या लांब आणि जितक्या अरुंद, तितका वेळ जास्त. आणि हे नाते गणिताच्या एका सूत्रात बसते, हे त्यांनी दाखवले. १९७८ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की संगणकाचा माउसही हाच नियम पाळतो. मोबाइलवर हवे ते बटण मोठे आणि बोटाजवळ का असावे, याचे उत्तर फिट्स यांच्या त्या दोन पट्ट्यांत आहे.

१९५८ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात गेले. यंत्र आणि माणूस यांचा मेळ घालणाऱ्या शास्त्राची अमेरिकेतली संघटना, तिचे अध्यक्षपद, पुस्तके, विद्यार्थी, असे सारे भरात असताना, २ मे १९६५ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्रेपन्नावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

इशारा खरा ठरला

फिट्स गेल्यावर नियंत्रकाच्या खोलीचे रूप पालटले. ठिपक्याशेजारी विमानाचे नाव, उंची, वेग आपोआप उमटू लागला. दोन विमाने धोक्याइतकी जवळ येणार असतील तर संगणक आधी सावध करू लागला. विमानांतही एकमेकांची चाहूल घेऊन वैमानिकाला वर जा, खाली ये असे सांगणारे यंत्र बसले.

यंत्र नसले तर काय होते, ते आपण पाहिले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली आणि ३४९ माणसे गेली. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे. वैमानिक सांगेल ती उंची नियंत्रकाने खरी मानायची. १५ हजार फुटांवर थांबायचे ते विमान त्याहून खाली आले, आणि हे नियंत्रकाला दिसण्याची सोयच नव्हती. यंत्राने माणसावर नजर ठेवावी, असे फिट्स का म्हणत होते ते तिथे कळते. त्या अपघातानंतर भारतात टक्कर टाळणारे यंत्र विमानांना सक्तीचे झाले.

पण यंत्र आले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगेन गावावर एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकमेकांवर आदळले. ७१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्पेनला सुट्टीसाठी निघालेली बरीच शाळकरी मुले होती. झुरिचच्या नियंत्रण कक्षात एकच नियंत्रक दोन टेबले सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेलेला. देखभालीच्या कामामुळे पडद्यावर इशारा देणारी यंत्रणा पूर्णपणे चालू नव्हती, मुख्य टेलिफोनही बंद. धोका उशिरा लक्षात आला तेव्हा त्याने रशियन विमानाला खाली यायला सांगितले. त्याच सुमारास विमानातले यंत्र वैमानिकाला वर जा म्हणत होते. दुसऱ्या विमानातल्या यंत्राने त्या वैमानिकाला खाली यायला सांगितले होते. दोघेही खाली आले. यंत्राने विमानात काय हुकूम दिला, हे जमिनीवरच्या माणसाला कळण्याची व्यवस्था नव्हती. माणूस आणि यंत्र दोघेही वाचवायलाच धावले होते. पण दोघांमध्ये कोणाचे ऐकायचे, हे साऱ्या वैमानिकांच्या मनात पक्के नव्हते. त्यानंतर नियम स्पष्ट झाला : अशा क्षणी विमानातल्या यंत्राचेच ऐकायचे.

या घटनेत चूक कोणाची म्हणून बोट दाखवायचे तर ते त्या एकट्या खुर्चीकडे सहज वळते. फिट्स असते तर त्यांनी आधी खुर्चीभोवतीची खोली पाहिली असती. तिथे कोण नव्हते, काय बंद होते आणि बंद असल्याचे कोणाला सांगितले होते?

तिसरी घटना तुलनेने सौम्य. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनमध्ये विमानांचे मार्ग तपासणारी स्वयंचलित यंत्रणा एकाएकी थांबली. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाच्या मार्गात एकाच सांकेतिक नावाची दोन ठिकाणे आली होती. एक फ्रान्समधल्या दोव्हीलजवळचे, दुसरे अमेरिकेतल्या डेव्हिल्स लेकचे. यंत्राला त्याचा अर्थ लागेना; चुकीची माहिती पुढे जाऊ नये म्हणून ते स्वतःच बंद झाले. राखीव यंत्राला तोच मार्ग मिळाला आणि तेही बंद झाले. आपल्याकडे दर तालुक्याला एक पिंपळगाव असते. कोणते पिंपळगाव, हे पोस्टमन पत्ता पाहून ओळखतो. यंत्राकडे हे तारतम्य नव्हते. मग माणसांनी हाताने माहिती भरायला घेतली. गती फार मंदावली, सात लाखांवर प्रवाशांचे हाल झाले. पण आकाशातले एकही विमान संकटात आले नाही. कारण रडारपुढे बसलेल्या माणसांच्या हातून काम सुटलेले नव्हते.

दिल्लीतही नोव्हेंबर २०२५ मध्ये विमानांचे संदेश आपोआप पोचवणारी यंत्रणा बिघडली. शेकडो उड्डाणे रखडली, आणि नियंत्रकांनी हाताने काम करून वाहतूक चालू ठेवली. वाट पाहणाऱ्या प्रवाशांचा संताप समजण्याजोगा होता. पण ती संथ गती म्हणजे हाताने काम करण्याची सवय अजून शाबूत असल्याची खूण होती. ही सवय रोज वापरली तरच टिकते; वर्षानुवर्षे नुसते पाहत बसलेल्या माणसाला एका रात्रीत ती आठवत नाही.

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर मिनिटामिनिटाला विमान उतरते किंवा उडते. विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपरच्या गच्चीवरून ही रांग दिसते. ती पाहताना घरातला लहानगा विचारतोच, यांना वाट कोण दाखवते, माणूस की कॉम्प्युटर? दोघेही, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धे आहे. दोघांपैकी कोणाच्या हाती काय ठेवले आणि अडचणीच्या क्षणी माणसाला जागे राहण्याइतके काम उरले आहे का, हा उत्तराचा दुसरा अर्धा भाग. आता आपल्या बँकेत, इस्पितळात, मोटारीतही स्वयंचलित यंत्रे येत आहेत आणि त्यांच्याशेजारी लक्ष ठेवायला एकेक माणूस बसवला जात आहे. काही बिघडले की पहिले बोट त्याच्याकडेच जाणार. बोट दाखवण्याआधी शेगडीची बटणे एकदा पाहून घ्यावीत, एवढे तरी पॉल फिट्स यांच्याकडून आपण शिकायला हरकत नाही.